रानाच्या कडेचा ताप

आंब्याचा मोहोर झडून कैऱ्या धरल्या आहेत, परीक्षांचा धबडगा संपला आहे आणि सायंकाळच्या वाऱ्यावर चार घटका काही ऐकावे म्हणून आपण जमलो आहो, अशा प्रसन्न वेळी तापाची आणि गोचिडीची गोष्ट काढणे काहींना औचित्याला सोडून वाटेल. परंतु ज्या तापाविषयी आम्ही सांगणार आहो, तो वसंताचाच ताप आहे. मार्गशीर्ष-पौषात तो डोके वर काढतो, फाल्गुन-चैत्रात भरास येतो आणि मृगाच्या सरी सुरू झाल्या की दिसेनासा होतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यात दोडामार्गाकडे काजूची बोंडे पिकून झाडाखाली पडू लागतात ती हीच वेळ. काजू वेचण्यास पहाटे निघालेल्या बाईच्या पायाला पातेऱ्यातून खसखशीच्या दाण्याएवढा एक जीव चिकटतो, तिला तो दिसतही नाही, आणि आठवड्याच्या आत ती अंथरुणाला खिळते. डोके फुटेल असे दुखते, अंग मोडून येते, डोळे लाल होतात, पोट बिघडते. काहींच्या नाकाहिरड्यांतून रक्त येते. बहुतेक रोगी बरे होतात, पण बरे झाल्यावरही कित्येक दिवस अंगात त्राण राहत नाही. काहींना मधे आराम पडून पुन्हा ताप भरतो आणि मग मेंदूवर परिणाम दिसतो. शंभरांत तीन ते पाच दगावतात.

ह्या रोगाचे शास्त्रीय नाव क्यासनूर जंगल रोग. कानडी मुलुखात त्याला ‘मंगन कायिले’, म्हणजे माकडाचा आजार, म्हणतात आणि आपल्या कोकणात त्याचा ‘माकडताप’ झाला आहे. नाव सुटसुटीत आहे, लोकांच्या तोंडी बसले आहे, आणि आमच्या मते ते थोडेसे अन्यायाचे आहे. माकड ह्या कथेत आहे खरे. पण चोर म्हणून आहे की सर्वांआधी घर लुटले गेलेला शेजारी म्हणून आहे, हे पाहावयास हवे.

कथा 1957 सालच्या मार्च महिन्यात सुरू होते. त्या वेळच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातल्या क्यासनूर जंगलाच्या आसपास माकडे मरून पडत होती. काळतोंडी वानरे मरत होती, आणि ज्यांना आपण लाल तोंडाची माकडे म्हणतो तीही मरत होती. त्याच सुमारास जंगलालगतच्या गावांतील माणसे तापाने आजारी पडू लागली. प्रथम तो विषमज्वर असावा असे वाटले. परंतु पुण्याच्या विषाणुसंशोधन केंद्रात ही वार्ता पोहोचली, तेव्हा तेथील तज्ज्ञांच्या मनात निराळीच शंका आली, आणि ती अंगावर काटा आणणारी होती.

हे केंद्र 1952 साली भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठान ह्यांनी मिळून पुण्यात काढले होते. 1978 पासून त्याचे नाव राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था असे आहे. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या मंडळींनी आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत पीतज्वराशी अनेक वर्षे झुंज दिलेली होती. दक्षिण अमेरिकेच्या अरण्यात एरवी आरोळ्यांनी रान दणाणून सोडणारी माकडे गप्प झाली आणि झाडाखाली मरून पडू लागली, की मागोमाग माणसांत पीतज्वर येणार, हे त्यांना पक्के ठाऊक होते. येथेही माकडे मरत होती आणि माणसे तापत होती. आशियात पीतज्वर आजवर कधी रुजलेला नाही. परंतु तो पसरविणारा एडिस इजिप्ती डास आपल्या घरातल्या रांजणांत सुखाने नांदत असतो. हा रोग जर खरोखरच पीतज्वर असता, तर काय अनर्थ ओढवला असता ह्याची कल्पनाच करावी.

केंद्राचे त्या वेळचे प्रमुख टेलफर्ड वर्क, त्यांचे सहकारी हॅरल्ड ट्रॅपिडो आणि अनेक भारतीय संशोधक ह्या कामाला लागले. आजारी माकडांपासून आणि रोग्यांच्या रक्तातून विषाणू वेगळा करण्यात आला. तो पीतज्वराचा नव्हता. सर्वांनी निःश्वास टाकला खरा, पण पुढची गोष्ट अधिक चमत्कारिक निघाली. हा विषाणू ज्या कुळातला ठरला ते कूळ रशियाच्या अतिपूर्वेकडील गारठलेल्या अरण्यातले होते. तेथील रोगाला ‘रशियन वसंत-ग्रीष्म मेंदूज्वर’ असे नाव आहे. (वसंत ऋतू कवींनीच वाटून घेतलेला नाही, हे ह्यावरून दिसेल.) सायबेरियाचा नातलग सह्याद्रीच्या ओल्या रानात कसा? एक पुसट खूण मात्र आधीच मिळालेली होती. केंद्र सुरू झाल्यावर देशातील ठिकठिकाणच्या लोकांच्या रक्ताची जी पाहणी झाली, तीत कच्छ-सौराष्ट्राकडील काही माणसांच्या रक्तात ह्याच रशियन कुळाच्या विषाणूंविरुद्धची प्रतिपिंडे आढळली होती. त्या वेळी त्या नोंदीचा अर्थ लागला नव्हता.

रशियन नात्यामुळे एक मोठा फायदा झाला. रोग कोण वाहून नेतो ह्याचा शोध शून्यापासून करावा लागला नाही. 1937 साली लेव झिल्बर ह्यांच्या नेतृत्वाखाली सोव्हिएट शास्त्रज्ञांची एक तुकडी अतिपूर्वेच्या अरण्यात गेली होती आणि तो मेंदूज्वर गोचिडींमुळे होतो असे त्यांनी दाखवून दिले होते. त्याची किंमतही मोजली. मिखाइल चुमाकोव्ह नावाच्या तरुण संशोधकाला कामात असतानाच रोगाने गाठले, त्यांची श्रवणशक्ती गेली आणि एक हात जन्माचा दुबळा झाला. पुढे पुण्यातही प्रयोगशाळेत काम करणाऱ्या अनेकांना क्यासनूरच्या तापाने अंथरुणाला खिळविले, आणि त्यापायी येथील ह्या विषाणूवरचे काम बरीच वर्षे थांबवून ठेवावे लागले. 2013 साली पुण्यातच सर्वांत कडेकोट बंदोबस्ताची प्रयोगशाळा उभी राहिल्यावर अशा विषाणूंना हाताळणे अधिक निर्धोक झाले.

त्या सोव्हिएट पिढीतील येवगेनी पाव्लोव्हस्की ह्यांनी मांडलेला एक विचार येथे सांगितलाच पाहिजे, कारण आमच्या सर्व विवेचनाचा तो पाया आहे. ते म्हणत की काही रोगांना घरटे असते. विशिष्ट झाडोरा, विशिष्ट हवा, विशिष्ट जनावरे आणि त्यांचे रक्त पिणारे विशिष्ट कीटक किंवा गोचिडी, असा सारा संसार एका ठिकाणी जमला, की तेथे रोग पिढ्यान्‌पिढ्या मुकाट्याने नांदतो. माणूस तेथे असावाच लागतो असे नाही. माणूस त्या घरट्यात पाय टाकतो तेव्हाच त्याला रोगाचा पत्ता लागतो. तेव्हा ‘रोग आला’ असे आपण म्हणतो, ते पुष्कळदा ‘आपण गेलो’ असे म्हणावयास हवे.

क्यासनूरच्या घरट्यातील मुख्य बिऱ्हाडकरू म्हणजे हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा ही गोचीड. आपण गाईच्या कानामागे फुगलेली गोचीड पाहतो, तिची ही रानातली चुलत बहीण. तिचे आयुष्य तीन टप्प्यांचे आहे आणि प्रत्येक टप्प्यात ती फक्त एकदाच, पण पोटभर, रक्त पिते. अंड्यातून निघते ती सहा पायांची अगदी सूक्ष्म अळी. पावसाळा सरला की ह्या अळ्या गवताच्या पात्यावर आणि पातेऱ्यावर पुंजक्यांनी बसतात. उंदीर, चिचुंद्री, खार, रानकोंबडी, माकड, जे कोणी अंग घासून जाईल त्यावर त्या चढतात, रक्त पितात, गळून पडतात आणि कात टाकतात. आता ती आठ पायांची पिल्लूगोचीड होते. पौषापासून वैशाखापर्यंत हिचे राज्य असते, आणि माणसाला मुख्यतः चावते ती हीच. पुन्हा रक्त, पुन्हा कात, आणि मग पूर्ण वाढलेली गोचीड. ही पावसाळ्यात हिंडते आणि तिला मोठे जनावर लागते. माणसाच्या वाटेला ती सहसा जात नाही. म्हणूनच मृग लागला की ताप ओसरतो. मोठ्या जनावराचे रक्त प्यालेली मादी खाली उतरते, पाचोळ्यात अंड्यांची रास घालते आणि मरते. हे वर्षाचे चक्र पंचांगासारखे चालते.

ह्या चक्रात विषाणू कोठे शिरतो? अळीने आजारी जनावराचे रक्त प्याले, की विषाणू तिच्या अंगात शिरतो आणि कात टाकली तरी टिकून राहतो. अळीपणी लागलेली लागण पिल्लूगोचिडीत येते आणि तिच्या पुढच्या चाव्यातून दुसऱ्याच्या रक्तात उतरते. मादीकडून अंड्यांत, म्हणजे वारसाहक्काने, विषाणू जाण्याचा मार्ग मात्र ह्या जातीत भरवशाचा दिसत नाही. म्हणजे दर वर्षी नव्या अळ्यांना नव्याने आजारी रक्त मिळावे लागते. उंदीर, चिचुंद्र्या आणि खारी हे काम गुपचूप करीत असतात. त्यांच्या रक्तात विषाणू काही दिवस वाढतो आणि ती जनावरे बहुधा मरतही नाहीत. रानात कोणाला काही कळत नाही. ही झाली राखेखालची धग.

माकडाच्या अंगी ही धग पोहोचली की भडका उडतो. माकडाच्या रक्तात विषाणूची अफाट वाढ होते. त्यातच ते आजारी असल्याने शेंड्यावर राहत नाही. खाली येते, एका जागी मलूल बसते आणि तेथल्या शेकडो अळ्या त्याच्या अंगावर चढतात. माकड मरते. अंग थंड पडू लागले की गोचिडी उतरतात आणि त्याच दोनचार हातांच्या परिघात विसावतात. काही आठवड्यांनी कात टाकून त्यांच्या पिल्लूगोचिडी होतात, आणि जेथे माकड पडले होते ती जागा विषाणूचे कोठार बनते. गोचिडीला पंख नाहीत. ती स्वतः फार तर काही हात चालते. ती गवताच्या टोकावर पुढचे पाय पसरून ताटकळत बसते. माकडाचे कलेवर कोल्ह्यागिधाडांनी नाहीसे केले, पाचोळ्याने झाकले गेले, तरी ती जागा महिनाभरानेही धोक्याची असते. लाकडे तोडणाऱ्याला तेथे एक माकड मेले होते हे माहीतच नसते.

1957 साली 466 माणसे आजारी पडल्याची नोंद आहे. पुढल्या वर्षी 181.

येथवरची कथा ऐकून कोणीही विचारील, आणि एका चर्चेत एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांस विचारलेही, की मग हे सारे 1957 च्या आधी का झाले नाही? रान होते, माकडे होती, गोचिडी होत्या. प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा आहे. ह्याचे उत्तर शोधणाऱ्यांत होर्हे बोशेल हे कोलंबियाचे शास्त्रज्ञ होते. त्यांच्या आपल्याकडे येण्यापूर्वीची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. कोलंबियातील अरण्यात लाकूडतोडे एक मोठे झाड पाडीत होते. झाड आडवे होताच शेंड्यावरचे निळसर डास त्याबरोबर खाली आले आणि माणसांना चावू लागले. एरवी हे डास उंच फांद्यांवर माकडांचे रक्त पितात. अरण्यातला पीतज्वर लाकूडतोड्यांना कसा होतो ह्याचा उलगडा त्या एका दृश्याने झाला. झाड पाडणारा माणूस केवळ झाड पाडीत नाही, त्याच्या माथ्यावरचे जगही अंगावर ओढून घेतो, हे ज्याने डोळ्यांनी पाहिले होते असा माणूस मलनाडच्या रानात आला.

1969 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या लेखात बोशेल ह्यांनी रानापेक्षा रानाच्या कडेकडे अधिक लक्ष वेधले. सागर-सोरबच्या भागात त्या वर्षांत वस्ती भराभर वाढत होती. दाट रानात ठिकठिकाणी तुकडे मोकळे करून भातखाचरे आणि सुपारीच्या बागा झाल्या. तोडलेल्या जागी घाणेरीची झुडपे माजली. ती रानकोंबड्यांना आणि उंदरांना आसरा देतात आणि गोचिडीला सावली देतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे माणसांबरोबर गुरे आली. दाट अरण्यात पूर्ण वाढलेल्या गोचिडीला लागणारे मोठे जनावर, गवा किंवा सांबर, क्वचितच भेटते. त्यामुळे पुष्कळशा गोचिडी उपाशी मरतात आणि त्यांची संख्या आवरून राहते. रानात चरावयास सोडलेल्या गुरांनी हा लगाम सोडून दिला. दर पावसाळ्यात हजारो गोचिडींना आयते जेवण मिळू लागले.

ह्यात एक बारकावा आहे आणि तो नीट समजून घेतला पाहिजे. गाईला हा रोग होत नाही. तिच्या रक्तात विषाणू एवढा वाढत नाही की तिच्यापासून गोचिडीला लागण व्हावी. तिच्या दुधातून रोग आला असे म्हणून तिला कोणी दोष देऊ नये. गाय विषाणूची नव्हे, गोचिडीची अन्नपूर्णा आहे. एक जनावर वाहकांची संख्या वाढविते, दुसरे विषाणूची मात्रा वाढविते, तिसरे धग राखून ठेविते. आणि माणूस ह्या सर्वांना एका ठिकाणी आणून मधे स्वतः उभा राहतो. माणसाच्या चाव्यातून किंवा शिंकेतून रोग पुढे जात नाही, विषाणूच्या दृष्टीने माणूस ही बंद गल्ली आहे. त्याला आपले काहीच अडलेले नाही. ज्याला आपण आपल्यावरचा घाला समजतो तो त्याच्या हिशेबी वाट चुकल्याचा प्रकार आहे.

रानाच्या कडेचा हा सिद्धांत पुढे एकदा फार दारुण रीतीने खरा ठरला. दक्षिण कन्नड जिल्ह्यातील बेळतंगडी तालुक्यात काजूच्या लागवडीसाठी जुने रान सरसकट तोडण्यात आले, आणि 1982-83 साली तेथे जी साथ आली तीत दीड हजारांवर माणसे आजारी पडली व सुमारे दीडशे मेली. त्यांत रानतोडीच्या मजुरीवर आलेली माणसे होती. काजूचे झाड त्याच भागात आज उभे आहे, फळ देते, आणि ते खाणाऱ्याला त्याचा इतिहास ठाऊक असण्याचे कारण नाही.

सुरुवातीची कित्येक वर्षे हा रोग शिमोग्याच्या तीनचार तालुक्यांपुरता होता. तेव्हा तो आला कोठून हा वाद रंगला. सायबेरियातून हिवाळ्यात आपल्याकडे येणारे पक्षी त्या गोचिडी अंगावरून आणीत असतील काय, अशी शंका निघाली. ही शंका पक्ष्यांच्या अभ्यासाला मोठी उपकारक ठरली. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने डॉ. सालिम अलींच्या मार्गदर्शनाखाली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत वळी घालण्याचे काम हाती घेतले, आणि स्थलांतरी पक्ष्यांविषयीची आपली पुष्कळशी माहिती त्यातून मिळाली. पक्ष्यांवरचा आरोप मात्र सिद्ध झाला नाही. पुढे 1990 नंतरच्या दशकात सौदी अरबस्तानात ह्या विषाणूचा फार जवळचा भाऊ सापडला. तेव्हा हे घराणे जुने आहे आणि त्याच्या वाटा आपल्याला वाटल्या त्याहून निराळ्या आहेत, एवढे दिसून आले. माकडानंतर पक्ष्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची आपली घाई पाहून आम्हांस थोडे हसू येते.

2012 नंतर चित्र पालटले. बंदीपूरच्या व्याघ्रप्रकल्पात त्या वर्षाच्या अखेरीस माकडे मेली आणि त्यांची कलेवरे जाळण्याच्या कामावरची माणसे आजारी पडली. निलगिरीत विषाणू सापडला, मग केरळातील वायनाडात, 2015 साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील पाली गावात, आणि 2016 च्या आरंभी आपल्या दोडामार्ग तालुक्यात केर गावाच्या परिसरात. पुढल्या वर्षी बांद्याकडे, सावंतवाडी तालुक्यात. नकाशावर ही गावे एका ओळीत मांडली तर सह्याद्रीची धार उमटते.

रोग खरोखर एवढा चालत गेला, की तो ठिकठिकाणी आधीच होता आणि आपण तो ओळखू लागलो? आमच्या मते दोन्ही गोष्टींत तथ्य आहे. नव्या चाचण्यांनी विषाणूचा पत्ता आता काही तासांत लागतो. पूर्वी कोकणातल्या किती तापांना हिवताप किंवा लेप्टो म्हणून निरोप दिला गेला असेल, कोण सांगणार? परंतु सत्तरी, दोडामार्ग आणि खानापूरकडच्या घाटमाथ्यावरही शिमोग्याचीच गोष्ट घडत आहे. रान तुकड्यातुकड्यांनी विरळ झाले, मधे काजू आणि रबर आले, झाडांखाली पातेऱ्याचा थर साचला, माकडे रान सोडून बागेत आली. बागाइतदार माकडांवर चिडलेला असतो, आणि त्याचे चुकते असे आम्ही म्हणणार नाही. वर्षाची मेहनत एका सकाळी फस्त झालेली पाहणे सोपे नाही. पण ज्या बागेत माकड उतरते तेथे गोचीड उतरते, आणि तेथेच वेचणारी माणसे वाकून काम करीत असतात. नवे घरटे बांधण्यास ह्याहून अधिक काय लागते?

अशा वेळी ‘माकडे मारून टाका’ ही सूचना येतेच. सूचना करणाराचा राग समजण्यासारखा आहे, पण विषाणूचे ठाणे माकडांत नाही. ते चिचुंद्री-उंदरांत आणि गोचिडीत आहे. माकडे मारली तरी धग राहणार. शिवाय हुसकलेले कळप पांगतात आणि अंगावरच्या गोचिडी नव्या रानात घेऊन जातात. आणि सर्वांत मोठे नुकसान म्हणजे ज्याच्या मरणाने आपल्याला आधी सूचना मिळते, तो पहारेकरीच आपण नाहीसा करतो. माकड मेल्याची खबर लागताच आरोग्य खात्याची माणसे त्या जागेभोवती पन्नास फुटांच्या परिघात औषधाची भुकटी मारतात, नमुने पुण्यास धाडतात, गावाला सावध करतात. गावकऱ्याने वेळेवर कळविले तरच हे साधते.

उलट टोकाची गोष्टही आपल्या लोकांत आहे. वानर हा मारुतीचा अंश. तो मेला तर पुष्कळ गावांत त्याची अंत्ययात्रा काढतात, हळदकुंकू वाहतात, मूठमाती देतात. भाव फार सुंदर आहे. पण ज्या घटकेला गोचिडी थंड पडणारे अंग सोडून उतरत असतात, त्याच घटकेला आपण त्याला उचलून खांद्यावर घेतो. बंदीपूरच्या मजुरांचे जे झाले ते ध्यानात ठेवून हा नमस्कार दुरून करावा.

वन्य पशूच आपल्याला रोग देतात असे मात्र कोणी समजू नये. देणेघेणे दोन्हीकडून आहे. गुरांची बुळकांडी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आफ्रिकेत पोहोचली तेव्हा तेथील गुरांबरोबर रानम्हशीही मोठ्या संख्येने मेल्या. आपल्याकडे 1968 साली मुदुमलईच्या रानात ह्याच रोगाने गव्यांचे कळप बसले. 2011 साली बुळकांडीचे पृथ्वीवरून उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले, ही माणसाच्या खात्यावरची एक मोठी जमेची बाजू. 1994 साली सेरेंगेटीतले सुमारे एक तृतीयांश सिंह कुत्र्यांच्या डिस्टेंपरने मेले, आणि 2018 साली गीरच्या रानात वीसहून अधिक सिंह गेले तेव्हाही तोच विषाणू आढळला. गावाचे कुत्रे आणि रानचा राजा ह्यांच्यामधली कड आपणच पुसली. दोडामार्गाची कथा ह्या मोठ्या कथेचे एक पान आहे.

ह्या तापावर नेमके औषध नाही. ताप, पाणी आणि रक्तस्राव सांभाळणे एवढेच डॉक्टरांच्या हाती असते. लस होती. प्रथम रशियन रोगाची लस देऊन पाहिली, तिचा उपयोग झाला नाही. मग पुण्याच्या केंद्रात कोंबडीच्या भ्रूणपेशींवर वाढविलेल्या विषाणूपासून लस तयार केली गेली आणि कर्नाटकात ती अनेक वर्षे टोचली गेली. पण तिचे संरक्षण लवकर ओसरे, पुन्हा पुन्हा टोचून घ्यावे लागे, सुईची जागा फार ठणके, आणि रोजंदारीचा दिवस बुडवून तिसऱ्यांदा टोचून घेण्यास कोण येणार? तिच्या गुणकारीपणाविषयीही प्रश्न निघाले आणि 2022 साली तिचा वापर थांबला. रोग कोणाचा आहे ह्यावरही लसीचे नशीब ठरते असे आम्हांस वाटते. हा ताप आगगाडीने शहरात येत नाही, शेजाऱ्याकडून शेजाऱ्याला होत नाही. तो लाकूडफाटा आणणाऱ्या, गुरे वळणाऱ्या, पाला गोळा करणाऱ्या, काजू वेचणाऱ्या माणसांचा आहे. क्यासनूरचा विषाणू हाती लागून पासष्टाहून अधिक वर्षे उलटली, तरी दुसरी चांगली लस त्यांच्या दारी पोहोचलेली नाही.

तोवर उपाय साधेच आहेत. रानात जाण्यापूर्वी उघड्या अंगाला गोचीड दूर ठेवणारे तेल चोळावे. अंगभर कपडे घालावेत. परतल्यावर कपडे कढत पाण्यात टाकावेत, गरम पाण्याने साबण लावून न्हावे, मुलांचे कान आणि काखा तपासाव्यात. रानातला पातेरा गोठ्यात अंथरण्यास आणू नये. हे सारे दवंडी पिटून सांगितले जाते. पण मार्च-एप्रिलात दोडामार्गाच्या उकाड्यात अंगभर कपडे घालून ओणवे राहून काम करणे म्हणजे काय, हे सांगणाराने एकदा करून पाहावे. तेल चिकट असते, त्याचा वास डोक्यात जातो, आणि पहाटे लावलेले तेल घामाबरोबर उतरून जाते. बाग बंद ठेवा असे म्हटले तर बोंडे कुजतात आणि मजुरी बुडते. म्हणून माकड मेल्याची बातमी पुष्कळदा बागेतच राहते. कोणी म्हणतो, उद्या कळवू, आजची वेचणी होऊन जाऊ दे. टोपली भरत येते, ऊन वर चढते, आणि बाई पदराने मानेवरचा घाम पुसून पुढल्या झाडाखालचा पातेरा हाताने बाजूला सारते.